ब्रेक पॅड कुठल्या कंपनीचे घ्यावेत? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात ब्रेकबद्दल काही शंका असतील तर पाठवा म्हटलं होतं, आणि बहुतेक पत्रं आली ती पॅडबद्दलचीच. सगळी छापणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. पहिल्या उत्तरात जरा जास्त जागा गेली आहे, पण पुढची अर्धी उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत त्यामुळे ते आधी वाचा.

प्रश्न : सर, माझ्या पेट्रोल हॅचबॅकचे पुढचे पॅड संपलेत. शोरूमचे ओरिजिनल महाग पडतात म्हणून बाहेरचे टाकायचा विचार आहे. मेकॅनिकने बॉश, टीआरडब्ल्यू, ब्रेम्बो अशी नावं सांगितली आणि एक कधी न ऐकलेल्या कंपनीचं पण, जे यांच्या निम्म्या किमतीत मिळतंय. गाडी रोज ऑफिसला जाण्यायेण्यापुरती, सिटीतच. यातली बेस्ट कंपनी कुठली ते एकदाचं सांगा.

एकदाचं सांगायचं तर पहिल्या तिघांपैकी ज्याचा तुमच्या गाडीसाठीचा रोजच्या वापराचा पॅड सहज मिळेल तो घ्या, तुमच्या वापराला तिन्ही पुरेसे आहेत. चौथा घ्यायचा का नाही ते त्याच्या पाठीवर काय छापलंय ते बघून ठरवा. पण एवढंच सांगून थांबलो तर पुढच्या वेळी काउंटरवर परत हाच गोंधळ होणार, म्हणून सविस्तर सांगतो.

कंपनीचं नाव म्हणजे पॅडचा दर्जा नाही हे आधी लक्षात घ्या. एकाच कंपनीचे तीन तीन चार चार प्रकारचे पॅड असतात. पॉवर स्टॉपचं उदाहरण घ्या, त्यांचा झेड १६ हा रोजच्या वापराचा साधा सिरॅमिक (हा प्रकार पुढे सांगितलाय), झेड २३ त्याच्यापेक्षा जास्त पकडीचा, आणि झेड ३६ ट्रेलर ओढणाऱ्या जड गाड्यांसाठीचा. ईबीसीचे तर रंगांवरूनच ओळखतात, ग्रीनस्टफ, रेडस्टफ, यलोस्टफ, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. त्यामुळे कोणी म्हणालं की अमुक कंपनी एक नंबर किंवा तमुक एकदम बेकार, तर त्याला विचारायचं की बाबा कुठला पॅड, कुठल्या गाडीला आणि वापर कसा होता. याची उत्तरं मिळाली नाहीत तर त्या मताचा तुम्हाला काही उपयोग नाही.

दुसरं म्हणजे नावं बरीच दिसतात पण त्यामागची घरं कमी आहेत. टेक्स्टार, पॅजिड आणि मिंटेक्स ही तिन्ही नावं टीएमडी फ्रिक्शन या एकाच कंपनीची. फेरोडो, जी १८९७ साली इंग्लंडमध्ये सुरू झाली आणि ब्रेकच्या धंद्यातल्या सगळ्यात जुन्या नावांपैकी आहे, ती आणि वॅगनर, ज्युरिड ही नावं एका ग्रुपमध्ये आहेत. टीआरडब्ल्यू २०१५ पासून झेडएफकडे आहे. आता एका घरातले म्हणून डब्यातला माल पण सेम असा अर्थ काढू नका, मिश्रण वेगळं असतं, मागची शिम (आवाज कमी करणारी पातळ पट्टी) वेगळी असते. सांगायचा मुद्दा एवढाच की 'जर्मन घेऊ का जपानी घेऊ' या वादात फार वेळ घालवू नका.

मग बघायचं काय? पॅड हातात घ्या आणि उलटा करा. पाठीमागच्या लोखंडी प्लेटवर छापलेल्या किंवा ठोकलेल्या ओळी दिसतील. त्यात गोलात ई हे इंग्रजी अक्षर आणि त्याला लागून एखादा आकडा आहे का ते शोधा, १ म्हणजे जर्मनीत मंजुरी मिळालेली, ११ म्हणजे ब्रिटनमध्ये, आणि पुढे ९०आर ने सुरू होणारा नंबर. हा ईसीई आर-९० चा, म्हणजे बाहेरच्या पॅडसाठीच्या युरोपातल्या नियमाचा शिक्का. याचा अर्थ हा पॅड तुमच्या गाडीच्या ओरिजिनल पॅडसोबत टेस्ट झालाय आणि त्याचा ब्रेक ओरिजिनलच्या १५ टक्के वरखाली या हद्दीत लागतो, शिवाय मसाला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर घासतो तो पॅडचा भाग, प्लेटवरून सुटतो का, दाबला आणि तापला की किती दबतो हे पण तपासलंय. बाहेरचा पॅड घेताना माझ्या मते यापेक्षा मोठा भरवसा कुठल्याच नावात नाही. मात्र या टेस्टमध्ये पॅड किती टिकतो, आवाज करतो का, धूळ किती पाडतो हे येत नाही, ते वेगळं बघावं लागतं.

त्यानंतर पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर एक कोड असतो, त्याच्या शेवटी दोन अक्षरं, ईई, एफएफ, जीएफ, जीजी अशी काहीतरी. पहिलं अक्षर साधारण तापमानाला पॅड किती पकडतो ते सांगतं आणि दुसरं गरम झाल्यावर. ई म्हणजे घर्षणाचा आकडा ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर गरम झाल्यावर पकड कमी होते असं समजा. पण ही अक्षरं म्हणजे परीक्षेतले मार्क नाहीत हां. तुमच्या गाडीला कंपनीतून एफएफ आला असेल आणि तुम्ही पुढे जीजी टाकला तर पुढचा ब्रेक जास्त चावणार, पुढचा मागचा ताळमेळ बदलणार. ओरिजिनलला जी अक्षरं तीच बघायची किंवा फार तर एक घर इकडे तिकडे.

आणि शेवटी नुसत्या डोळ्यांनी बघायच्या गोष्टी. प्लेटच्या कडा साफ कापलेल्या आहेत का का धार तशीच सोडलीये, रंग सगळीकडे सारखा बसलाय का, मागे शिम आहे का आणि ती नखाने उचकटते का, मसाल्याच्या दोन्ही टोकांना तिरका काप आहे का, मधे खाच आहे का, आणि मसाला जिथे प्लेटला चिकटतो तिथे केसाएवढी फट तरी दिसते का. फट दिसली तर तो पॅड काउंटरवरच परत करा, कारण तिथून पाणी शिरतं, आत गंज फुगतो आणि मसाला प्लेटवरून सुटू शकतो. काही पॅडच्या प्लेटवर बारीक हुक उभे केलेले असतात ज्यात मसाला अडकून बसतो, म्हणजे नुसत्या गोंदावर भिस्त नाही. असा मिळाला तर उत्तमच, खास करून जिथे पाऊस आणि खारी हवा जास्त तिथे.

तर तुमचा तो निम्म्या किमतीचा चौथा पॅड. शिक्का आहे, कोड वाचता येतोय, मसाला घट्ट बसलाय आणि चारही पॅडवर नंबर सारखे आहेत, तर सिटीच्या वापराला बिनधास्त घ्या. पाठ कोरी असेल तर फुकट दिला तरी नको.

प्रश्न : सिरॅमिक चांगला का सेमी मेटॅलिक? माझ्या अलॉय व्हीलवर काळी धूळ फार बसते, दर रविवारी पुसावी लागते. सिरॅमिक टाकला की धूळ बंद होते असं ऐकलं.

कमी होते, बंद नाही होत. आणि बसते ती फिकट रंगाची असते म्हणून डोळ्याला कमी खुपते.

सेमी मेटॅलिकमध्ये वजनाने साधारण ३० ते ६५ टक्के धातू असतो, स्टीलचे तंतू, लोखंडाची भुकटी वगैरे. तो उष्णता चांगली वाहून नेतो, गरम झाल्यावरही धरतो, पण आवाज जास्त, काळी धूळ जास्त आणि डिस्क पण जरा जास्त खातो. सिरॅमिक शांत असतो, डिस्कला मऊ असतो, पण पायाखाली तो पहिला चावा कमी जाणवतो, आधी सेमी मेटॅलिकची सवय असेल तर पहिले काही दिवस वाटतं की ब्रेक लागतच नाहीये. तिसरा प्रकार ऑरगॅनिक म्हणजे ज्यात स्टील नाही असा मऊ मसाला, तो स्वस्त आणि शांत असतो पण लवकर झिजतो आणि फार तापला की ढेपाळतो.

तुमची गाडी हलकी आहे, वापर सिटीतला आहे आणि धुळीचा त्रास होतोय, तर सिरॅमिक घ्या. अकेबोनो ही जपानी कंपनी यासाठीच ओळखली जाते, एटीईची पण सिरॅमिकची वेगळी लाइन आहे. जड एसयूव्ही, पाच माणसं, डिकी भरलेली आणि सारखा चढउतार असेल तर मी सिरॅमिकच्या मागे लागणार नाही, चांगला सेमी मेटॅलिक घेईन आणि धूळ पुसेन.

एक सांगतो, 'सिरॅमिक' हा शब्द डब्यावर कोणीही छापतो. त्यात नेमकं किती काय असावं याची सक्ती नाही, म्हणून परत तेच, पाठ बघा.

आणि जुने रिव्ह्यू वाचताना तारीख बघत जा. पूर्वीच्या पॅडमध्ये तांबं बऱ्यापैकी असायचं कारण ते उष्णता छान वाहून नेतं, पण धुळीतून ते नदीनाल्यात जाऊन माशांना मारक ठरतं म्हणून अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी कायदा केला, २०२१ पासून नवीन पॅडमध्ये ५ टक्क्यांच्या खाली आणि कॅलिफोर्नियात २०२५ पासून अर्ध्या टक्क्याच्या खाली. त्यामुळे मोठ्या कंपन्यांना मिश्रणं बदलावी लागली. नाव तेच, डबा तोच, आतला मसाला वेगळा, आणि दहा वर्षांपूर्वी कोणीतरी केलेली तारीफ किंवा तक्रार आजच्या पॅडला लागू पडेलच असं नाही.

प्रश्न : दादा, नावाजलेल्या कंपनीचे पॅड टाकले तरी ब्रेक दाबला की कीईई आवाज येतो. पैसे पाण्यात गेले का? कंपनी बदलू का?

थांबा, लगेच पॅडला दोष देऊ नका. आवाज म्हणजे कंपन, आणि ते कंपन पॅडपेक्षा आजूबाजूच्या गोष्टींमुळे जास्त वेळा येतं. पॅड काढायला लावा आणि स्वतः उभं राहून बघा.

एकाच चाकातला आतला पॅड आणि बाहेरचा पॅड शेजारी शेजारी ठेवा. एक जास्त झिजलाय आणि दुसरा जवळजवळ नवा, तर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, स्लायडिंग पिन जाम आहेत. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असा पाचरीसारखा झिजला असेल तरी शंका कॅलिपरवरच. पिन काढून साफ करायच्या आणि ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावायचं, साधं ग्रीस नाही, कारण त्याने आतली रबरं फुगतात आणि पिन अजून जाम होतात. मग पॅड जिथे सरकतो त्या क्लिपा. नवीन पॅडसोबत नवीन क्लिपा आल्या होत्या का, आणि आल्या होत्या तर टाकल्या का का पिशवी तशीच कचऱ्यात गेली, हे विचारा. मी तर म्हणतो डब्यात क्लिपा येतात का हे घेतानाच बघावं, दोन कंपन्यांच्या किमतीत फरक दिसतो त्यातला थोडा याच्यामुळे पण असतो.

डिस्कवर जुन्या पॅडचा थर असतो, त्यावर वेगळ्या मिश्रणाचा नवीन पॅड घासला की काही दिवस आवाज येऊ शकतो. ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग थरथरत असेल तर डिस्क वाकली असं सगळे म्हणतात, खरं म्हणजे बऱ्याचदा डिस्कवर पॅडचा मसाला कमीजास्त बसलेला असतो किंवा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. हे सगळं नीट केलं, आणि तरी आवाज थांबला नाही, तर मग दुसऱ्या प्रकारचा पॅड बघा.

प्रश्न : महाग पॅड परवडतो का स्वस्त? हिशोब कसा लावायचा?

मिलिमीटरमध्ये. नवीन पॅड बसवायच्या आधी मसाल्याची जाडी मोजा, प्लेट सोडून. समजा ११ मिलिमीटर भरली. ३ मिलिमीटर उरला की बदलायचा, म्हणजे वापरायला मिळाले ८. आता १२ हजार किलोमीटरनंतर टायर रोटेशनला चाक निघेल तेव्हा परत मोजा. ९ उरला असेल तर २ गेले, म्हणजे हा पॅड साधारण ४८ हजार चालणार. निम्म्या किमतीचा पॅड तेवढ्यात ४ मिलिमीटर झिजला तर तो २४ हजारच जाणार, पॅडचा खर्च बरोबरीत सुटला पण मजुरी दोनदा आणि गॅरेजच्या फेऱ्या पण दोनदा. त्यामुळे निम्म्या किमतीचा पॅड निम्म्यापेक्षा बराच जास्त टिकला तरच तो खरा स्वस्त.

यात लोक डिस्क विसरतात, आणि खरा फटका तिथे बसतो. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर बोट फिरवा, उंच कंगोरा लागतो का बघा, तो जितका उंच तितकी डिस्क खाल्ली गेली. डिस्कवरच कमीत कमी जाडी ठोकलेली असते, आणि नव्या डिस्कची जाडी आणि ती किमान जाडी यात बऱ्याच छोट्या गाड्यांत दोनेक मिलिमीटरचाच फरक असतो. पॅड लाख वर्षं टिकला आणि डिस्क खाऊन टिकला तर उपयोग काय. म्हणून मोजताना दोन्ही मोजा, आणि वहीत तारीख, किलोमीटर, पॅडचं पूर्ण नाव कोडसकट लिहून ठेवा. तुमच्या गाडीचा, तुमच्या रस्त्याचा, तुमच्या पायाचा असा हा रिव्ह्यू दुसरं कोणी तुम्हाला देऊ शकत नाही.

प्रश्न : घाट उतरताना शेवटी शेवटी जळका वास येतो आणि पेडल खाली जातं. रेसिंगवाले पॅड टाकले तर प्रश्न मिटेल का?

पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर आधी ब्रेक ऑइल बघा. पॅड तापून पकड सोडतो तेव्हा पेडल कडकच राहतं, फक्त गाडी थांबत नाही. पेडल स्पंजसारखं मऊ पडतं ते बहुतेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाल्यामुळे. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना कमीत कमी २३० अंश सेल्सियस असावा लागतो, पण ते हवेतलं पाणी शोषत राहतं आणि पाणी धरलेल्या ऑइलसाठी हीच हद्द १५५ अंशांवर येते. बऱ्याच कंपन्या दोन वर्षांनी बदला सांगतात ते यासाठी. ऑइल बदला, उतारावर ज्या गिअरला चढलात त्याच्या आसपासच्या गिअरमध्ये उतरा, इंजिनला गाडी धरू द्या, आणि सारखा पाय टेकवून ठेवण्यापेक्षा थोडं जोरात दाबून वेग कमी करा आणि सोडा.

रेसिंगचे पॅड अजिबात नकोत. ते गरम झाल्यावरच नीट पकडतात, सकाळी सोसायटीच्या गेटसमोर मूल आडवं आलं तेव्हा पॅड थंडच असणार. फार तर रोजच्या रस्त्यासाठीच बनवलेला, पण तापमानाची हद्द जास्त असलेला आणि आर-९० शिक्का असलेला पॅड बघा.

प्रश्न : बाइकला सिंटर्ड पॅड टाकू का?

मॅन्युअलमध्ये चालतो म्हटलं असेल तर टाका. धातूची भुकटी दाबून भाजून केलेला असतो, पावसात चांगला धरतो, टिकतो. त्यावर एचएच लिहिलेलं दिसेल, वर सांगितलेल्या अक्षरांतलं हे सगळ्यात वरचं, ०.५५ च्या पुढचं. डिस्क मात्र त्याला झेपणारी पाहिजे, ऑरगॅनिक पॅडसाठी केलेली डिस्क तो लवकर खातो. नवीन चालवायला शिकणाऱ्याच्या छोट्या बाइकला मी पुढे इतका चावरा पॅड टाकणार नाही.

प्रश्न : डुप्लिकेट कसा ओळखायचा?

मोठ्या नावांची नक्कल होते हे खरंच आहे, आणि ब्रेकच्या बाबतीत ही फसवणूक जिवावरची आहे. आर-९० च्या नियमात एका ॲक्सलचा (पुढच्या किंवा मागच्या दोन्ही चाकांचा) सेट सीलबंद डब्यात असावा आणि तो आधी उघडला असेल तर कळावं अशी अटच आहे, त्यामुळे सील तुटलेला डबा घ्यायचाच नाही. डब्यावरचा पार्ट नंबर आणि पॅडवरचा नंबर जुळवा, चारही पॅडवर बॅच सारखी आहे का बघा, स्क्रॅच कोड किंवा क्यूआर असेल तर तो दुकानात उभं राहूनच कंपनीच्या साइटवर तपासा. छपाई पुसट, स्पेलिंग चुकलेलं, किंमत नेहमीपेक्षा फारच खाली, यातलं एक जरी दिसलं तरी सोडून द्या.

प्रश्न : काका, कालच नवीन पॅड टाकले आणि ब्रेक आधीपेक्षा कमी लागतोय. मी चुकीचा ब्रँड घेतला का?

बहुतेक नाही. नवीन पॅड डिस्कवर पूर्ण टेकलेला नसतो आणि त्याचा थर पण अजून डिस्कवर बसलेला नसतो, शिवाय पहिल्यांदा तापला की मसाला बांधून ठेवणाऱ्या रेझिनचा वायू निघतो आणि पकड तेवढ्यापुरती कमी होते. डब्यात पत्रक असेल तर त्यात सांगितलंय तसं करा. नसेल तर मोकळा सरळ रस्ता बघा, मागे कोणी नाही याची खात्री करा, ५० च्या वेगावरून मध्यम दाबाने १० पर्यंत आणा, पूर्ण थांबवू नका, परत वेग घ्या, अर्ध्या मिनिटाने परत, असं दहाएक वेळा. नंतर थोडा वेळ ब्रेक न लावता चालवून गार होऊ द्या. गरम पॅड डिस्कवर दाबून गाडी उभी ठेवली की तिथेच मसाल्याचा छाप बसतो. पहिले तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक लागेल असं चालवू नका. आणि हे सगळं करूनही ब्रेक कमीच वाटला, किंवा गाडी एका बाजूला ओढली, किंवा पेडल खोल गेलं, तर ब्रँडचा विचार नंतर करा, आधी गाडी उभी करा आणि मेकॅनिकला बोलावून कॅलिपर आणि ऑइल तपासून घ्या.